माथेरानच्या हॉटेलात दोन रात्री : सुट्टी, आडनाव आणि हातरिक्षा

गेल्या डिसेंबरात, ६ डिसेंबरची चैत्यभूमीवरची सेवा आटोपल्यावर, आम्ही माथेरानला गेलो होतो. दोन रात्री, तीन दिवस. आम्ही म्हणजे कल्याण-उल्हासनगर पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये काम करणारे आमच्या अभ्यासवर्गातले पाच जण, त्यांचे कुटुंबीय आणि आमच्यापैकी एकाची आई. एकूण चौदा माणसे. दुसऱ्या दिवशी एका पॉइंटवर काढलेला फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचा मेसेज आला, "चळवळ रिसॉर्टला गेली वाटतं." त्याखाली हसण्याच्या दोन इमोजी. मग बाबासाहेबांच्या १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणाचे ते नेहमीचे फॉरवर्ड, शिकलेल्या लोकांनी धोका दिला हे सांगणारे.

त्या मेसेजला आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. राग आला होता आणि थोडी लाजही वाटली होती. पण ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ती बातमी वाचताना आम्हाला आमचेच तीन दिवस पुन्हा आठवले. तेव्हा न दिलेले उत्तर आता देणे भाग आहे. हॉटेल कसे होते, आमच्याशी लोक कसे वागले आणि आम्ही लोकांशी कसे वागलो, हे सगळे जसे घडले तसे सांगणार आहोत. त्यात आमची बाजू सगळीकडे चांगली दिसणार नाही.

आधी मूळ प्रश्न घेऊ. चळवळीतल्या माणसाने सुट्टीवर जावे का?

आपल्याकडे कार्यकर्ता म्हटले की झिजलेली चप्पल, रात्रीची जागरणे आणि घराकडे दुर्लक्ष हे चित्र डोळ्यांसमोर येते. ते चित्र खोटे नाही. आपल्या आधीच्या पिढीने तसेच काम केले आणि म्हणून आपण शिकलो. पण झिजणे हाच कामाचा पुरावा मानायला लागलो की पुढचा प्रश्न विचारायचे राहून जाते. त्या कार्यकर्त्याच्या घरी स्वयंपाक कोण करत होते? आमच्याबरोबर आलेल्या एका ताईंनी माथेरानला पहिल्या दिवशी जेवताना सांगितले, "लग्नाला अकरा वर्षं झाली. आजारपण सोडलं तर सलग दोन दिवस दुसऱ्याने केलेलं आयतं खाल्लंय असं आज पहिल्यांदा होतंय." त्यांचा नवरा आमच्यातला सगळ्यात धडाडीचा कार्यकर्ता. तो मान खाली घालून जेवत राहिला. सुट्टी ही चैन आहे की गरज, हे ठरवताना या ताईंचे मत आधी विचारायला हवे.

आणि बाबासाहेब याबद्दल काय म्हणाले, हेही बघायला हवे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातल्या कामगाराला वर्षभराच्या सलग नोकरीनंतर दहा दिवसांची भरपगारी सुट्टी मिळावी, ही तरतूद १९४५ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीने आली. ते विधेयक बाबासाहेबांनी मांडलेले होते. कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणण्याची १९४६ ची दुरुस्ती हीसुद्धा त्यांच्याच खात्याच्या कामातून आली. म्हणजे या देशातल्या कामगाराच्या भरपगारी सुट्टीवर ज्यांची सही आहे, त्या माणसाचे अनुयायी सुट्टीवर गेले म्हणून त्यांची टिंगल होते.

याच काळातल्या, १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांप्रती काय केले' या त्यांच्या पुस्तकात गांधीवादावरचे प्रकरण आहे. त्यातला यंत्रांविषयीचा युक्तिवाद आपल्या तरुणांनी पुन्हा वाचावा. त्याचा सारांश असा की पशू पोट भरले की थांबतो, माणसाला त्यापलीकडे मनाची वाढ हवी असते आणि त्यासाठी फुरसत लागते. सगळा दिवस ढोरमेहनतीत गेला तर संस्कृती कुठून येणार? जुन्या समाजाने मूठभरांना फुरसत दिली आणि बाकीच्यांना राबवले. लोकशाही समाजाला फुरसत सगळ्यांपर्यंत पोहोचवायची असेल तर माणसाच्या अंगावरचे ओझे यंत्राने उचलले पाहिजे. हा युक्तिवाद लक्षात ठेवा. माथेरानच्या लाल रस्त्यावर त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

तर आम्ही गेलो. पण जायच्या आधी बुकिंग करावे लागले, आणि पहिली गोष्ट तिथेच घडली.

आमच्या पाच जणांपैकी चौघांची आडनावे अशी आहेत की महाराष्ट्रात ती ऐकली की समोरच्याला पुढचे काही विचारावे लागत नाही. पाचव्याचे आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. कोणत्याही जातीत सापडेल असे. फोनवर हॉटेलवाल्याने विचारले, "फॅमिलीच आहे ना? पूर्ण नाव सांगा, आडनावासकट." फोन आमच्यातल्या 'कर'वाल्याच्या हातात होता. तो त्याच्या हातात कसा आला? कोणीही "तू लाव" असे म्हटले नव्हते. एकमेकांकडे न बघता आम्ही तो त्याच्याकडे सरकवला होता. सगळे एम.ए., बी.एड., एम.एस.डब्ल्यू. झालेले. स्वाभिमानावर वस्तीवस्तीत बोलणारे.

सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, तेव्हा ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, हे आपल्याला पाठ आहे. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन आले, आणि परदेशातून शिकून आलेला तो तरुण अधिकारी सामान घेऊन बाहेर पडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला हा प्रसंग आम्ही अभ्यासवर्गात किती वेळा वाचून दाखवला असेल! आणि १०७ वर्षांनी, मधे राज्यघटना येऊन गेल्यावर, आम्ही खोली मिळवण्यासाठी आमच्यातले सगळ्यात निरुपद्रवी आडनाव पुढे केले. कोणी लाठी घेऊन आले नव्हते. कोणी नकारही दिला नव्हता. आम्ही विचारले जाण्याच्या आधीच लपलो.

हॉटेलच्या काउंटरवर सगळ्या मोठ्या माणसांची आधार कार्डे मागितली, तेव्हा आडनावे उघडी पडलीच. काउंटरवरच्या गृहस्थांनी एकेक कार्ड नीट वाचले. मग हसून म्हणाले, "गाव कुठलं तुमचं?" आपल्या लोकांना या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. त्यानंतर चाव्या मिळाल्या. फोनवर दरीकडच्या खोल्या ठरल्या होत्या. मिळाल्या त्या मागच्या बाजूच्या, मुदपाकखान्याच्या धुराड्याला लागून. ओलसर गाद्या, खिडकी उघडली तर माकडे आत येणार म्हणून कायम बंद. विचारल्यावर उत्तर आले, "सीझन आहे साहेब, पुढचं सगळं भरलंय."

हे आडनावामुळे झाले का? प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुधा नाही. दुसऱ्या दिवशी बाजूच्या खोलीतल्या सुरतेच्या एका कुटुंबाशी ओळख झाली. त्यांनाही दरीचे दृश्य सांगून धुराडे दिले होते, आणि त्यांच्या आडनावाला कोणी काही म्हणायचा प्रश्न नव्हता. स्वस्त दरात घेतलेले बुकिंग मागे ढकलायचे, हा त्या हॉटेलचा धंदाच असावा. पण हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. पहिल्या रात्री आमच्यातले तिघे बारा वाजेपर्यंत याच एका गोष्टीवर बोलत बसले. आडनाव वाचताना त्याच्या भुवया उंचावल्या की नाही? 'गाव' हा शब्द त्याने जोर देऊन उच्चारला का? सुरतेच्या त्या गृहस्थांनी हॉटेलला चार शिव्या दिल्या आणि ते झोपले. आम्ही मात्र पुरावे तपासत जागे राहिलो.

जातीचा हा हिशेब कोणत्याही सर्वेक्षणात येत नाही. भेदभाव झाला तेव्हा तो दुखतोच. झाला नाही तेव्हाही तो झाला असेल का, या शंकेत आपली रात्र जाते. संविधानाच्या कलम १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांची नावे घेऊन लिहिले आहे की तिथे कोणाला जातीवरून अडवता येणार नाही. घटना समितीने 'हॉटेल' हा शब्द मूलभूत हक्कांमध्ये कशासाठी घातला, हे त्या रात्री आम्हाला नीट कळले. माणसाची झोप ही हक्काची गोष्ट आहे.

आता थोडे मागे जाऊ, कारण हॉटेलात पोहोचण्याआधीचा रस्ता सांगायचा राहिला.

माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यावर सोडायची आणि तिथून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, छोट्या रेल्वेने किंवा हातरिक्षाने जायचे. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. बंदीमुळे तिथली हवा स्वच्छ राहिली, झाडी टिकली. फोटोत दिसणारी ती शांतता खरोखरच आहे. पण सामान काही आपोआप वर जात नाही. नाक्यावर उतरलो तेव्हा डोक्यावर चुंबळ ठेवून दोन-दोन सुटकेसा वाहणाऱ्या बायका दिसल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी डोंगराच्या उतारावरच्या ठाकर-कातकरी वाड्यांतून पहाटे चढून आलेल्या. त्या वाड्यांपैकी कित्येक ठिकाणी अजून धड रस्ता नाही, आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते. पर्यटकाला खुर्चीत बसवून नेणारी माणसे आणि घरच्या आजाऱ्याला झोळीतून नेणारी माणसे एकाच डोंगरावर राहतात.

आईचे वय ६८. दोन्ही गुडघे गेलेले. तेव्हा प्रायोगिक म्हणून मोजक्याच ई-रिक्षा चालू होत्या आणि त्यांच्यापुढची रांग हलत नव्हती. घोड्यावर ती बसणे शक्य नव्हते. उरली हातरिक्षा. एक माणूस पुढे ओढणारा, दोघे मागून ढकलणारे. आमच्यात लगेच वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, माणसाने ओढलेल्या गाडीत आपली आई बसणार नाही, हे तत्त्वात बसत नाही. दुसरा म्हणाला, मग परत फिरू या. तिसरा म्हणाला, उचलून नेऊ. आई बाजूच्या दगडावर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी वाहिली. सोळा वर्षांची होते. तेव्हा कुणी येऊन म्हणालं असतं, बाई तुझी दया येते, काम बंद कर, तर मी काय खाल्लं असतं? बसवा मला. आणि भाव करू नका."

ती बसली. आम्ही शेजारून चाललो. चढावर पुढच्या माणसाच्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या दिसत होत्या. मधे एका वळणावर ते दम खायला थांबले, तेव्हा आम्ही विचारले की हे बंद व्हावे असे वाटते का. मागचा माणूस खोकत होता, तो आवरून म्हणाला, "ई-रिक्षा आली तर आमची छाती वाचंल. आम्हीच मागतोय ती. पण ती आमच्या हातात आली पाहिजे. दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघाली तर आम्ही कुठं जायचं?"

पन्नाशीच्या या माणसाने तीन वाक्यांत जे सांगितले ते आम्ही अभ्यासवर्गात तीन तास बोलून सांगू शकलो नसतो. अमानुष काम बंद झाले पाहिजे, त्याच्या जागी यंत्र आले पाहिजे आणि त्या यंत्राची मालकी आधी राबलेल्यांकडे आली पाहिजे. यातली पहिली मागणी सगळे करतात. तिसरी कोणी करत नाही.

त्या तिघांची जात आम्ही विचारली नाही. पण त्यांना "गाव कुठलं तुमचं?" असे मात्र विचारले. बोलण्याच्या ओघात विचारले, वाईट हेतूने नाही. काउंटरवर तोच प्रश्न आम्हाला विचारला गेला, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले की अर्ध्या तासापूर्वी आम्हीही तेच केले होते.

माथेरानचा इतिहास सगळ्या पाट्यांवर एकाच पद्धतीने लिहिलेला असतो. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आला आणि त्याने हे ठिकाण 'शोधले'. मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, बंगले झाले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळ-माथेरान छोटी रेल्वे धावली. पॉइंटना नावे लुईझा, अलेक्झांडर, हार्ट. तळ्याला नाव शार्लोट. मॅलेटच्या आधी या डोंगरावर राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांनी काही शोधले नव्हते काय? रेल्वे येण्याआधी साहेबाला घोड्यावरून नाहीतर पालखीतून वर आणत. पालखीचे दांडे कोणाच्या खांद्यावर होते, याची पाटी कुठेही नाही. याच माथेरानमध्ये १९१२ मध्ये न्हावी कुटुंबात जन्मलेला एक मुलगा वकील झाला, शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी झटला आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीने मेला. हुतात्मा भाई कोतवाल. पर्यटक दिवसभर पॉइंट मोजत फिरतात. आमच्या मुलांना आम्ही कोतवालांची गोष्ट सांगितली. निदान तेवढे तरी केले.

आता हॉटेलच्या आत.

जेवण भरपूर होते. वाढणारी मुले अठरा ते बावीस वयाची. त्यांतल्या एकाशी गप्पा झाल्या. सीझनमध्ये सकाळी सहाला चहापासून सुरुवात, रात्री अकराला शेवटची भांडी. आठवड्याची सुट्टी? "सीझन संपला की." झोपायला जागा म्हणजे जेवणाचा हॉल. पाहुणे गेले की टेबले बाजूला सारायची आणि अंथरायचे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या हॉटेलात आठवड्याला ४८ तास आणि एक दिवस सुट्टी बंधनकारक होती. हा आकडा त्या मुलाने कधी ऐकला नव्हता. आम्ही, ज्यांना तो पाठ होता, त्याच्याकडून चौथी पोळी मागवत होतो.

संडास-बाथरूम साफ करणारा मात्र एकच माणूस होता. बाकी सगळे कामगार दुपारी एकत्र जेवायला बसत. तो मागच्या पायरीवर ताट घेऊन बसे. "तिकडे का नाही बसत?" असे विचारल्यावर म्हणाला, "हितंच बरं वाटतं." त्याला तिकडे कोणी येऊ देत नव्हते की तो स्वतःच जात नव्हता, हे आम्हाला समजले नाही. कदाचित या दोन गोष्टी आता त्याच्यासाठीही वेगळ्या राहिल्या नसतील. बुकिंगचा फोन 'कर'वाल्याकडे सरकवणाऱ्या आम्हाला त्याला शहाणपण शिकवायचा काही अधिकार नव्हता.

आणि आता आमची सर्वांत वाईट गोष्ट. गरम पाणी सकाळी सात ते नऊ एवढेच येणार होते. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाही. आमच्यातला एक जण, जो वस्तीत श्रमप्रतिष्ठेवर व्याख्याने देतो, काउंटरवर गेला आणि तिथे उभ्या असलेल्या त्या पोळ्या वाढणाऱ्या मुलावर ओरडला. "ए, पैसे मोजलेत आम्ही! फुकट राहत नाही. मॅनेजरला बोलाव." मुलगा म्हणाला, "सॉरी सर." बॉयलर काही त्याने बिघडवला नव्हता.

आम्ही बाकीचे तिथेच उभे होतो. आम्ही त्याला थांबवले नाही. त्याहून खरी गोष्ट ही की त्या क्षणी आम्हाला बरे वाटले. आदल्या रात्रीची सगळी धुसफूस त्या एका आवाजात बाहेर पडली. कोणीतरी आपल्यापुढे मान खाली घालून 'सर' म्हणतो आहे, याची चव आम्ही घेतली. एम.ए.ला आम्ही व्हेब्लेनचे १८९९ चे पुस्तक अभ्यासले होते. फुरसत मिरवणाऱ्या वर्गाला ती दाखवायला प्रेक्षक आणि नोकर लागतात, असे त्याचे निरीक्षण. परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळाले होते. पण बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता त्याहून खोल जाते. वरच्याला आदर आणि खालच्याला तुच्छता, अशी ती शिडी आहे. तिच्यात प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी मिळते, म्हणून ती मोडायला कोणी पुढे येत नाही. हॉटेलच्या काउंटरने आम्हाला दोन दिवसांसाठी एक पायरी वर चढवले होते, आणि चढल्याबरोबर आम्ही खाली पाहून पाय आपटला.

संध्याकाळी आमचा तो मित्र त्या मुलाला शोधून माफी मागून आला. परत आला तेव्हा गप्प होता. मुलगा म्हणाला होता, "त्यात काय सर, रोजचंच आहे." त्याला माफीचे कारणच कळले नव्हते.

आता न्यायालयाच्या निकालाकडे येऊ. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. विनोद चंद्रन आणि न्या. अंजारिया यांच्या खंडपीठाने ऑगस्टमध्ये सांगितले की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात आहे आणि स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षांनीही ती चालू राहणे हा घटनेने दिलेल्या सामाजिक-आर्थिक न्यायाच्या वचनाचा भंग आहे. हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करायच्या. गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा घेऊन त्या खऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने चालवायला द्यायच्या. उरलेल्या आदिवासी महिला आणि इतर गरजूंना. निधी नाही, ही सबब चालणार नाही.

देशाच्या सरन्यायाधीशपदी बसलेल्या पहिल्या बौद्ध माणसाच्या खंडपीठाने हा निकाल दिला याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो वाटावा. पण अभिमानाचे स्टेटस ठेवून आपण थांबलो तर त्या वळणावर खोकणाऱ्या माणसाच्या तिसऱ्या वाक्याचे काय? 'खरा' रिक्षा ओढणारा कोण, हे ठरवणारी यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत तयार होणार. याद्यांचे राजकारण आपल्याला चांगले ठाऊक आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात, घरकुलात, शिष्यवृत्तीत खरे लाभार्थी कागदावरून कसे गळतात, हे आपण रोज पाहतो. मागून ढकलणाऱ्या दोघांची नावे त्या यादीत येतील का, की फक्त परवाना ज्याच्या नावावर आहे त्याचे येईल? डोक्यावर सुटकेस वाहणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांपैकी किती जणींना अर्ज कुठे करायचा हे कळेल? महाड याच रायगड जिल्ह्यात आहे. दर २० मार्चला आपण तिथे जातो. या वर्षी जाताना वाटेत माथेरानच्या यादीची चौकशी करायला काय हरकत आहे?

"हे सगळे पोट भरलेल्यांचे प्रश्न आहेत," असा आक्षेप येईल. वस्तीत पाणी नाही आणि तुम्ही रिसॉर्टच्या गरम पाण्यावर लिहिता. आक्षेप अर्धा बरोबर आहे. आमच्यातल्या पाचही जणांना दोन रात्रींचे पैसे जमवता आले, वस्तीतल्या बहुतेकांना ते जमणार नाहीत. आग्र्याच्या भाषणातली खंत आमच्यासारख्यांसाठीच आहे, हे आम्ही मान्य करतो. पण शिकलेल्या माणसाने गादीवर झोपू नये, असे बाबासाहेबांना म्हणायचे होते काय? त्यांची खंत होती की शिकून वर गेलेला माणूस खाली बघत नाही. माथेरानला आम्ही खाली पाहिले, पण ओरडायला. दोष गादीचा नव्हता, आमचा होता. आणि हा दोष घरी बसून कळला नसता. वस्तीत आपण सगळे एकाच बाजूला असतो. काउंटरच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावरच कळते की आतली जात किती शिल्लक आहे.

म्हणून आम्ही परत जाणार आहोत. मेसेज करणाऱ्या त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनाही बरोबर येण्याचे आमंत्रण आहे. पण या वेळी काही गोष्टी ठरवून.

बुकिंग सगळ्यांच्या खऱ्या आडनावांनी करायचे. कोणी जातीवरून खोली नाकारली तर लेखी कारण मागायचे आणि नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ खाली तक्रार करायची. आणि नाकारली नाही, नुसतीच खोली वाईट निघाली, तर सुरतेच्या गृहस्थांसारखे भांडून शांत झोपायचे. हेही शिकावे लागेल.

सामान जेवढे स्वतः उचलता येईल तेवढेच न्यायचे. ज्याला ओझे उचलायला दिले त्याच्याशी दराची घासाघीस करायची नाही.

हॉटेलात पोहोचल्यावर साप्ताहिक सुट्टी आणि कामाच्या तासांबद्दल मालकाला विचारायचे, कामगाराला नाही. कामगाराला विचारले तर त्याची नोकरी जाते. मालकाला दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर निदान त्याला उत्तर तयार ठेवावे लागते.

आणि शेवटचे, जे आम्हाला सगळ्यात कठीण जाणार आहे. आमच्यातला कोणी 'ए' म्हणून हाक मारताना दिसला तर बाकीच्यांनी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर त्याला थांबवायचे. अभ्यासवर्गाच्या वहीत हा नियम आम्ही लिहून ठेवला आहे. खाली पाचही जणांच्या सह्या आहेत. ज्याने माथेरानला आवाज चढवला होता त्याने पहिली सही केली.

आईला विचारले, पुन्हा येशील का? म्हणाली, "ती बॅटरीची रिक्षा त्या तिघांच्या नावावर झाली की सांगा. तेव्हा येते."

जय भीम.